पान्याचा पासंग

मी तोंडाळ आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाई साधीभोळी वाटली होती. २०१४ साली डहाणूच्या एका दातांच्या दवाखान्यात मी मदतनीस म्हणून लागले, तेव्हा डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात मला सुनावलं होतं, की सिस्टर, इथे तोंड उघडायचं काम पेशंटचं. मी हसून सोडून दिलं. पुढे तीन-चार वर्षांनी एका पेशंटच्या तोंडापायी मला माझं तोंड उघडावं लागलं. त्याचं मला आजही तसूभर वाईट वाटत नाही.

दवाखाना स्टेशनपासून पाच मिनिटांवर. खाली औषधाचं दुकान, वर आम्ही. ट्रे लावायचे, हत्यारं धुऊन पुड्यांत घालायची, ऑटोक्लेव्हमध्ये वाफवायची, डॉक्टर काम करत असताना पेशंटच्या तोंडातलं पाणी सक्शनच्या नळीने ओढायचं, आणि ज्याच्या त्याच्या भाषेत 'मोठा आ करा' सांगायचं. मराठीत, गुजरातीत, हिंदीत, कधी नुसतं हातवारे करून. दर गुरुवारी डॉक्टरांच्या गाडीतून तलासरीला जायचं. तिथे एका खोलीत एक खुर्ची होती आणि काम बहुतेक दात उपटायचं.

डहाणूला मात्र इम्प्लांट चालायचे. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात धातूचा एक खुंट बसवतात. काही महिन्यांत हाड त्याला घट्ट धरतं. मग त्यावर नवा दात बसतो, आणि तो दात खुंटाला धरून ठेवतो एक स्क्रू, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. सगळा खेळ त्या स्क्रूचा. कमी आवळला तर दात डुगडुगायला लागतो, जास्त आवळला तर स्क्रूच तुटतो. म्हणून तो हाताच्या अंदाजाने आवळत नाहीत. त्यासाठी टॉर्क रेंच असतो. आम्ही त्याला पाना म्हणायचो. पेनापेक्षा आखूड दांडी, तिच्यावर आकडे, मागे एक नट. नट फिरवून पस्तीसच्या आकड्यावर आणला की आतली स्प्रिंग तेवढी दाबली जाते. स्क्रूवर तेवढा जोर पडला की पान्याची मान वाकते आणि आवाज येतो, टक्. टक् झालं की थांबायचं. आमच्या डॉक्टरांचा हात खरंच चांगला होता, खोटं कशाला बोलू, पण त्या टक्‌वर त्यांचा विश्वास स्वतःच्या हातापेक्षा जास्त होता.

आता मावशी. ही धाकट्या डहाणूची, मासळी बाजारात बसणारी. वय पन्नाशीचं, आवाज असा की तिने या टोकाला 'पापलेट' म्हटलं की त्या टोकाला झोपलेलं मांजर उठायचं. वाढवणच्या बंदराविरुद्ध गावोगाव बाया जमायच्या तेव्हा घोषणा द्यायला हिलाच पुढे करायचे म्हणे. उजवीकडची खालची दाढ गेली होती. तिला दोन्ही बाजूंनी जेवायचं होतं, बास, एवढीच हौस. दिवाळीनंतर तिला इम्प्लांटवरचा दात बसला. जाताना ती आरशात बघून इतकी खूश झाली की मला कोळंबी पाठवीन म्हणाली, आणि पाठवलीसुद्धा.

महिन्याभरात ती परत आली. दात हलत होता. डॉक्टरांनी स्क्रू पुन्हा आवळला, टक्, आणि कडक खाऊ नका म्हणून सांगितलं. दीड महिन्याने पुन्हा तेच. या खेपेला डॉक्टरांनी उलटतपासणीच घेतली. चणे खाता का, सुके बोंबील ओढता का, खेकड्याची नांगी दाताने फोडता ना? मावशी म्हणाली की नांगी ती पाट्यावर वरवंट्याने फोडते, तिची आईसुद्धा तशीच फोडायची. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून डोळे बारीक केले, म्हणजे 'ऐकलंस ना'. आणि मी हसले. लाज वाटते सांगायला, पण हसले.

तिसऱ्यांदा आली तेव्हा ती आधीच तापलेली होती, आणि डॉक्टरही. ते म्हणाले, मावशी, तुमच्या तोंडात अडकित्ता आहे, यात माझा दात टिकायचा नाही. पुढच्या शनिवारी या. दात काढून टाकू, खुंटावर हिरडी शिवून बंद करू आणि तुम्हाला काढता-घालता येणारी कवळी देऊ. कवळी म्हटल्यावर मावशीचा चेहराच उतरला. गिऱ्हाइकाला हाक मारायला तोंड उघडलं तर ती टोपलीत पडेल, असं ती म्हणाली. मग खुर्चीत उठून बसली आणि शांतपणे बोलली.

"डॉक्टर, तीनदा तुम्ही माझं तोंड तपासलं. तुमच्या काट्याला पासंग असंल, तो बघितला काय?"

डॉक्टरांना काही कळलंच नाही. हा काटा नाही हो, मावशी, असं म्हणून त्यांनी हात धुतले. पण मला कळलं, आणि चांगलंच लागलं, कारण मी वाणगावच्या काटे दुरुस्त करणाऱ्याची मुलगी.

बाबांचं वाणगावच्या बाजारात छोटं दुकान होतं. चिकूवाले, भाजीवाले, भातवाले, सगळ्यांचे तराजू बाबांकडे यायचे. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी एका बाजूला कलत असेल, तर त्या फरकाला पासंग म्हणतात. बाबा कुठल्याही काट्याला हात लावायच्या आधी रिकामा उचलून पासंग बघायचे. माल नंतर, आधी काटा. लोखंडी वजनांच्या पोटात शिशाची गुळी असते, तिच्यावर सरकारी छाप. छापाची मुदत संपली की ते वजन बाबा दुकानात ठेवूसुद्धा द्यायचे नाहीत. वांगी तोलायच्या वजनाला इतका कायदा! आणि माणसाच्या जबड्यात जाणाऱ्या पान्याला? मी स्वतः तीन वर्षं तो पाना धूत होते. एकदाही माझ्या मनात आलं नाही.

त्यात एक गोष्ट आठवली आणि मला बसवेना. तलासरीच्या पेटीत असाच दुसरा पाना होता. तिथे इम्प्लांट वर्षातून एखाद-दुसरा, त्यामुळे तो जवळपास कोरा. पुसताना मी गंमत म्हणून दोन्ही पाने हाताने दाबून बघायची. तलासरीचा पाना दाबताना बोट दुखायचं. डहाणूचा मात्र बॉलपेनच्या बटणासारखा, टक्. मला वाटायचं, वापरून वापरून सराईत झालाय.

त्या दिवशी मावशी गेल्यावर डॉक्टरांनी तिच्या केसपेपरवर इंग्रजीत एक ओळ लिहिली. पेशंट सूचना पाळत नाही, खेकडे दाताने फोडते. कागद कपाटात ठेवायचं काम माझं, म्हणून मी ती वाचली. शनिवारी तिचा दात जाणार होता, आणि वर ती खोटारडी ठरून घरी जाणार होती. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. थोडी डॉक्टरांवर, जास्त माझ्यावर.

गुरुवारी तलासरीला गेलो तेव्हा परतताना मी तिथला पाना पेटीसकट पर्समध्ये टाकला. विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, मग विचारायचं कशाला? डॉक्टर गाडी चालवत होते, मी मागे बसून पेटी उघडली. स्पंजाच्या खाली घडी घातलेला एक कागद निघाला, मुंगीएवढ्या अक्षरांचा. डहाणूच्या पेटीतही तसाच कागद असणार, तो कधीच कचऱ्यात गेला असेल. मी डोळ्यांशी धरून वाचला. वाफवायच्या आधी पाना सुटा करा, आतून धुवा, तेलाचा थेंब द्या, नट सैल करून स्प्रिंग मोकळी ठेवा. ठराविक वापरानंतर जोर तपासून घ्या.

मी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. यातलं एकही मी करत नव्हते. उलट मला भारी अभिमान होता, की माझ्या ट्रेमधला पाना कायम पस्तीसवर तयार असतो. डॉक्टरांना नट फिरवत बसायला लागू नये म्हणून मी तो कधी सैलच करत नसे. तशीच आवळलेली स्प्रिंग रोज वाफेत. म्हणजे मावशीच्या दाताचं वाटोळं माझ्या टापटिपीने केलं होतं. वाटेतलं आशागड येईपर्यंत मी मनातल्या मनात शंभर सबबी तयार केल्या. मग स्वतःलाच म्हटलं, गप्प बस ग बाई, आधी पासंग बघू.

संध्याकाळी दवाखान्यातून डहाणूचाही पाना पर्समध्ये गेला, आणि शुक्रवारी सकाळी दोन्ही पाने घेऊन बाबांच्या दुकानात बसले. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून बाबांकडे काम कमी आणि राग जास्त झाला होता. मी सांगितलं, की याच्या टोकावर पस्तीस न्यूटन सेंटीमीटरचा जोर यायला हवा. न्यूटन कोण ते बाबांनी विचारलं नाही. म्हणाले, किलोत सांग. माझं बारावी सायन्स तेवढ्यापुरतं कामाला आलं. मध्यापासून एका सेंटीमीटरवर साधारण साडेतीन किलो टांगल्यासारखं, असं मी म्हटलं. बाबांनी पट्टी लावून पान्याच्या मध्यापासून बोट टेकवायच्या खाचेपर्यंत अंतर मोजलं. बरोबर सात सेंटीमीटर. तोंडातल्या तोंडात पुटपुटले आणि म्हणाले, मग अर्धा किलो, एवढंच ना?

त्यांनी पान्याचं टोक छोट्या वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आडवं पकडलं. दांडी जमिनीला समांतर. दांडीचं स्वतःचंही वजन असतं, ते दोन्ही पान्यांचं सारखं आहे का, हे आधी तोलून बघितलं. मी घाई करत होते, त्यांनी मला एका नजरेने गप्प केलं. मग खाचेत दोरा अडकवून तलासरीच्या पान्याला तीनशे ग्रॅम टांगले. काही नाही. चारशे. काही नाही. छापाचं अर्धा किलोचं वजन अलगद सोडलं, आणि टक्.

मग डहाणूचा. दोनशे ग्रॅमला शांत. त्यावर शंभरचं वजन अडकवलं आणि बाबांचा हात निघायच्या आत टक्. पाचशेच्या जागी तीनशे. बाबांनी पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. तीनशे, तीनशे. मग पाना उघडून आतली स्प्रिंग बोटावर घेतली. तिच्यावर तपकिरी खरपुडी धरली होती. "स्प्रिंग बसलीय," बाबा म्हणाले. "आवाज तेवढा शाबूत आहे. कुणी ठेवली अशी?" मी म्हटलं, मी. बाबांनी जन्मात मला शिवी दिली नव्हती, त्या दिवशी दिली. पण जाताना वाइस आणि वजनं पिशवीत तेच भरून देत होते.

शनिवारी डॉक्टर यायच्या आधी मी खुर्चीशेजारच्या, दातांचे साचे ओतायच्या टेबलाच्या कडेला वाइस बसवला. मावशी वेळेच्या आधीच आली होती, नवं लुगडं नेसून. दात काढायला कुणी नवं लुगडं नेसतं का? मी विचारलं तर म्हणाली, दवाखान्यातून रडत जायचं तर निदान नीटनेटकी दिसीन. मी तिला खुर्चीत बसवलं आणि ट्रे लावला. ट्रेमध्ये दोन पाने आणि शेजारी लोखंडी वजनं.

डॉक्टर मास्क लावत आत आले, वजनं बघून थबकले, आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, पासंग बघतेय. त्यांनी डोळे वटारले, पण मी हात थांबवला नाही. तोंडाने काही सांगितलंही नाही, नुसतं टांगून दाखवलं. त्यांचा तीनशेला टक्. तलासरीचा पाचशेला टक्. डॉक्टर हुशार माणूस, त्यांना हिशेब समजवायला लागला नाही. चेहऱ्यावरचा रंग बदलला. त्यांनी स्वतःच्या हाताने दोन्ही पाने पुन्हा लावून बघितले आणि मग हळू आवाजात म्हणाले, केबिनमध्ये या, आपण तिथे बोलू.

मी म्हटलं, इथेच बोलू. पाना मी खराब केलाय, नट सैल न करता रोज वाफवत होते, हेही तिथेच, मावशीसमोर सांगितलं. डॉक्टरांना जणू निसटायला दार सापडलं.

"म्हणजे चूक तुमची आहे, सिस्टर."

"हो, माझीच. पण कागदावर नाव मावशीचं आहे. ते खोडा."

मावशी खुर्चीत सरळ झाली आणि कागदावर काय लिवलंय म्हणून तिने मला विचारलं. डॉक्टरांनी मान हलवून मला नको म्हटलं. मी कपाटातून केसपेपर काढला आणि ती ओळ मराठीत वाचून दाखवली. सगळी, खेकड्यांसकट. मला वाटलं होतं ही आता दवाखाना डोक्यावर घेईल. ती इतकी हळू बोलली की मी पहिल्यांदाच तिचा तसा आवाज ऐकला.

"मी हितं बसून खरं सांगत होते, नि तुम्ही तिकडं खोटं लिवत होता."

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं, ती ओळ आडवी खोडली, खाली लिहिलं की स्क्रू सैल झाला तो पान्याचा जोर कमी पडल्यामुळे, पेशंटची चूक नाही, आणि सही केली. मी तेही वाचून दाखवलं. मावशी म्हणाली, परत वाच. परत वाचलं. मग डॉक्टरांनी जुना स्क्रू टाकून नवा घेतला, तलासरीच्या पान्याने आवळला, दहा मिनिटं थांबून पुन्हा आवळला. त्या दिवशी दात निघाला नाही आणि हिरडीही शिवली गेली नाही.

नंतर डॉक्टर मला म्हणाले, की झालं ते झालं, बाकी पेशंटपर्यंत हे जायला नको. मी रजिस्टर काढून बसले होते. त्या पान्याने ज्यांचे ज्यांचे स्क्रू आवळले, त्यांची यादी करत होते. म्हटलं, मी प्रत्येकाला फोन करून तपासायला बोलावणार, आणि कुणी कारण विचारलं तर खरं ते सांगणार. मला काढायचं तर यादी पूर्ण झाल्यावर काढा. त्यांनी काढलं नाही. पण आठ दिवस माझ्याशी 'सक्शन' या एका शब्दापलीकडे बोलले नाहीत. मलाही काही अडलं नाही. सगळ्यांना फोन झाले. दोघांचे दात खरोखर सैल निघाले, आणि त्यातल्या एका शेठला तर आधी सुपारी सोडायला सांगून घरी धाडलं होतं.

बाबांनी ते अर्धा किलोचं वजन दवाखान्यातच ठेवायला दिलं. फक्त एकच अट घातली, की छापाची मुदत आली की आणून द्यायचं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी डॉक्टरांनी मागवलेला नवा पाना वाइसला लावायची आणि ते वजन टांगायची. सुरुवातीला डॉक्टर तोंड फिरवायचे. पुढे स्वतःच विचारायला लागले, बघितलंत का म्हणून. आणि रोज वाफवायच्या आधी नट सैल. माझ्या हाताला आता ती सवय इतकी लागली की घरी पाण्याचा नळसुद्धा मी दोनदा तपासते.

पावसाळा सरताना मावशी तपासणीला आली. डॉक्टरांनी दात हलवून बघितला, आणखी जोर लावून हलवून बघितला. टस की मस नाही. मावशीने पिशवीतून डबा काढला, खेकड्याचं कालवण. सगळ्या नांग्या वरवंट्याने फोडून घातलेल्या. वर वेगळ्या पानात बांधून एक उकडलेली नांगी, हाताच्या पंज्याएवढी, अख्खी. ती तिने डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"ही तुमाला. दातानं फोडून दाखवा."

आणि गेली. जिन्यात तिचं हसू खालच्या औषधाच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असणार.

दुपारी आम्ही डबा उघडला. डॉक्टरांनी ती नांगी उचलली, उलटीसुलटी केली, दाढेखाली नेली आणि निमूटपणे परत ठेवली. माझ्याकडे बघायचं टाळत ते म्हणाले, सिस्टर, जरा ते अर्धा किलोचं वजन द्या, फोडायला.

मी दिलं नाही. म्हटलं, त्याला छाप आहे, डॉक्टर. ते पाने तपासायला आहे.